तुरीचा उपास

नऊ नंबरच्या कुंडीचं वजन वाढलं होतं.

मिनलने कुंडी उतरवली, काटा शून्यावर आणला आणि कुंडी पुन्हा ठेवली. सहा किलो तीनशे. ज्या झाडाला बारा दिवस पाण्याचा थेंब द्यायचा नव्हता, ते पहिल्या दिवसापेक्षा चारशे ग्रॅमने जड झालं होतं. तिने दहा नंबर ठेवली. तीही जड. अकरा, बारा, सगळ्याच. मिनल बाल्कनीच्या फरशीवर मटकन बसली.

मिनलची पीएचडी तुरीवर होती. पाऊस मध्येच दडी मारतो तेव्हा कोणत्या गावची तूर किती दिवस तग धरते, हे तिला शोधायचं होतं. लेक खुशीला कडेवर घेऊन उमरेड, भिवापूर, कुही असं फिरून तिने बारा गावांतून गावरान बी जमवलं होतं. प्रत्येक बियाण्याच्या दोन कुंड्या. एकीला रोज मोजून पाणी, दुसरीला काहीच नाही. कॉलेजच्या हरितगृहाचे पंखे मार्चमध्येच बंद पडले, म्हणून चोवीसही कुंड्या नागपुरातल्या बेशाच्या फ्लॅटमध्ये आल्या. कोरड्या बारांना लाल चिठ्ठ्या होत्या. पीएचडीच्या नोंदणीची मुदत जूनमध्ये संपत होती. एक मुदतवाढ खुशीच्या जन्माच्या वेळी घेऊन झाली होती.

पहिल्या दिवसाची वजनं झाल्यावर काट्याचे सेल संपले, आणि त्यातच गेले पाच दिवस खुशीला रात्री ताप यायचा. वजनं राहिली, पण रोज सकाळी मिनल फोटो तेवढे काढून तिच्या मार्गदर्शक सरांना पाठवत होती. बाकीच्या कोरड्या कुंड्या जराशा मलूल दिसत होत्या, नऊ नंबर मात्र हिरवीगार. काल संध्याकाळी पांढरीपांडे सरांचा फोन आला होता. "मिनल, हे विलक्षण आहे. मी संशोधन समितीच्या अध्यक्षांना सांगितलंय. उद्या अकराला येतो बघायला."

आज काट्यात नवे सेल घातले, तेव्हा साडेनऊ वाजले होते.

"आई, जरा इकडे या."

सासूबाई, सुभद्राबाई, पदराला हात पुसत आल्या.

"या लाल चिठ्ठीवाल्या कुंड्यांना पाणी कोणी घातलं?"

सुभद्राबाईंनी कुंड्यांकडे असं पाहिलं, जणू त्या आत्ताच तिथे उगवल्या. "थोडंसं टाकलं असंन मी."

"थोडंसं म्हणजे?"

"डाळ-तांदळाचं धुवण. तेवढंच."

"रोज?"

"रोज स्वयंपाक होते ना वं आपल्या घरी."

मिनलने डोळे मिटले आणि उघडले. "आई, मी तुम्हाला सांगितलं होतं. यांना पाणी द्यायचं नाही."

"तू म्हटलं होतं, यायचा उपास आहे."

मिनलला आठवलं. खरंच म्हटलं होतं. सासूबाईंना कळेल अशा शब्दांत संशोधन समजावलं म्हणून त्या दिवशी तिला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

"उपासाले पाणी चालतेच," सुभद्राबाई म्हणाल्या. "म्हणून मी खत नाही टाकलं. निर्जळा करायचा असंन तर तसं सांगा लागते."

हे बोलणं ऐकून मिनलचा नवरा पियुष दाढीचा फेस पुसत बाहेर आला. शनिवार असल्यामुळे तो घरी होता, आणि घरात काय चाललंय हे त्याला शनिवारीच कळायचं.

"काय झालं?"

"आईंनी रोज पाणी घातलंय."

"रोज?" पियुष आईकडे वळला. "अवं माय, मग मले सांगायचं ना. मी काहून टाकलं असतं?"



"तू काय टाकलं?" मिनलने विचारलं. राग आला की तिची भाषा पीएचडी सोडून थेट माहेरच्या गल्लीत जायची. "पियुष, काय टाकलं तू?"

"कूलरचं पाणी. टाकी धुतली की ते पाणी कुठी ओतू? मोरीत? एप्रिल महिन्यात?" पियुषचा आवाज आधी चढला, मग उतरला. "दोनदाच टाकलं. जी झाडं सुकलेली दिसली, त्याइलेच. अन् कूलरचं पाणी म्हणजे काय पाणी आहे का? खारट राहते ते."

"म्हणजे आता क्षारांचाही ताण बसला."

"तू किती धावून राहिली, मले दिसत नाही का? खुशीचा ताप, डबा, कॉलेज. मले वाटलं, पाणी टाकाचं भुलली असंन. तुले खराब वाटू नये म्हणून बोललो नाही."

कोणी लाथ मारून कुंडी फोडली असती तर भांडता तरी आलं असतं. पण इथे प्रत्येकाने तिच्यावर माया केली होती, तीही गुपचूप. तिने महिनाभर जिवाचं रान करून जे काम केलं, ते या घराला राहून गेलेल्या कामासारखं दिसलं होतं. आणि ते सगळ्यांनी मिळून पूर्ण करून टाकलं होतं. ज्या कुंडीला पाणी द्यायचं नाही, तिला या घरात सगळ्यात जास्त पाणी मिळालं होतं.

"नऊला मी देते," दारातून आवाज आला.

चार वर्षांची खुशी शाळेची बाटली छातीशी धरून उभी होती.

"काय देते तू?"

"माझ्या बाटलीतलं. शाळेतून आली की. मला नऊ काढता येतो ना, म्हणून नऊला."

"कोणी सांगितलं होतं तुला?"

"त्याला तहान लागली होती," खुशी शांतपणे म्हणाली. "तू देतच नव्हती."

मिनल उठली, स्वयंपाकघरात गेली आणि घासलेला कुकर पुन्हा घासू लागली. घासता घासता रडली. मग रडल्याचाही राग आला. हात पुसून तिने नोंदवही काढली आणि कोणी, कधी, किती पाणी घातलं ते शाईने लिहून काढलं. सुभद्रा. पियुष. खुशी. अक्षरं इतकी दाबून लिहिली की मागच्या पानावर उठली.

"सरले काहून सांगतं?" पियुष दारात येऊन हळूच म्हणाला. "नऊ नंबर हिरवी तर आहे. पाहतील अन् जातील."

"उद्या हे बी कोणी शेतात पेरलं अन् वीस दिवस पाऊस नाही आला, तर? तू कूलर घेऊन जाशीन?"

मागून सुभद्राबाई म्हणाल्या, "सांग तू. खोट्या बियाण्यानं आमचं एक साल गेलं होतं. सांगूनच टाक."

पांढरीपांडे सर बरोबर अकराला आले. मनीषनगरहून स्कूटरवर, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, घामाने निथळत. खुर्चीकडे न बघता ते सरळ बाल्कनीत शिरले आणि नऊ नंबरसमोर वाकले.

"वा," ते म्हणाले. "काय तजेला आहे."

"सर, या कुंड्यांना पाणी मिळालंय," मिनल म्हणाली. "रोज. तिघांकडून." आणि वही पुढे केली.

सरांनी वही वाचली. दुपट्टा सोडला. पुन्हा वाचली. "हे घर आहे की पाणपोई?"



"मी अध्यक्षांना काय सांगू? की आमच्या तुरीचं रहस्य कूलरमध्ये आहे?" सरांचा आवाज शेजारच्या बाल्कनीपर्यंत गेला. "मिनल, मी तुम्हाला अवघड काय सांगितलं होतं? पाणी घालायचं नाही. घालायला कष्ट पडतात, न घालायला काय पडतं? आता मुदतवाढीसाठी माझ्याकडे येऊ नका. मी सही करणार नाही."

सुभद्राबाई आत गेल्या आणि माठातलं पाणी घेऊन आल्या. "घ्या जी, आधी पाणी घ्या. उन्हाचे आले."

सरांनी ग्लास घेतला. घटाघटा अर्धा प्यायले आणि तोंड पुसून पुन्हा सुरू झाले. "शिस्त लागते. वीस वर्षं मी मुलांना हेच सांगतोय. प्रयोगाच्या कुंडीला हात लावायचा नाही. मन घट्ट करायचं. झाड कितीही वाळलं तरी," बोलता बोलता ग्लास ठेवायला जागा शोधत सर वळले, "आपण तटस्थ," आणि वाकून उरलेलं पाणी त्यांनी जवळच्या कुंडीत ओतलं.

पाणी मातीत जिरल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

सर वाकलेलेच राहिले. ग्लास तिरपा, त्याखाली लाल चिठ्ठी, चिठ्ठीवर नऊ.

"तिला मीच देते," खुशी नाराजीने म्हणाली.

पियुष एकदम आकाशाकडे बघू लागला. मिनलने वही उघडली.

"सर, साधारण शंभर मिली धरू?"

सर सावकाश सरळ झाले. "ऐंशी असेल."

मिनलने तारीख लिहिली, वेळ लिहिली, ऐंशी लिहिलं. मग तीन नावांच्या खाली, चौथ्या ओळीवर पेन टेकवून ती थांबली आणि सरांकडे बघत राहिली. तिला कसलीच घाई नव्हती.

सरांनी रिकाम्या ग्लासात पाहिलं, कुंडीत पाहिलं आणि घसा खाकरला.

"नव्याने पेरायचं म्हटलं तर किती महिने लागतील तुम्हाला?"

"सहा."

"सोमवारी मुदतवाढीचा अर्ज घेऊन या. आठ लिहा."

"आणखी देऊ का जी पाणी?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"द्या," सर म्हणाले. या वेळी ते कुंड्यांकडे पाठ करून प्यायले. पूर्ण प्यायले. मग ग्लास उलटा करून पाहिला आणि कुठेही न ठेवता थेट सुभद्राबाईंच्या हातात दिला.