आऊसाहेबांच्या कपाळाची हकीकत

श्री. ललाटी लेख लिहून जो पुन्हा वाचावयास येत नाही, त्या विधात्यास दुरूनच नमन. शके सोळाशे नव्याण्णव, हेमलंबीनाम संवत्सरी, कार्तिक मासी एका राज्यात वर्तले ते ऐसे जे, महाराज तीन वर्षे मोहिमेवर होते आणि गादी त्यांच्या राणी आवडाबाईसाहेब चालवीत होत्या, त्यांस सर्व लोक आऊसाहेब म्हणत. आणि त्या राज्याची एक चाल होती की गादीने तोंडाने 'नाही' म्हणू नये. पूर्वी कोण्या राजाने दारच्या गोसाव्यास नाही म्हटले आणि सात वर्षे दुष्काळ पडला, तेव्हापासून हा दंडक. मग चिटणीस मोरो विसाजी यांनी अर्ज वाचावा, वाचून तीन वेळा आऊसाहेबांच्या कपाळाकडे पाहावे, आणि आठी पडली तर नामंजूर लिहावे, न पडली तर मंजूर. बोलणे कोणी लिहीत नसे. तीन वर्षांत आऊसाहेबांनी दोन हजारांवर अर्ज ऐसे फेटाळले, आणि त्याची खूण म्हणून कपाळी तीन आडव्या आणि भिवयांमध्ये दोन उभ्या रेघा कायमच्या बसल्या. परंतु नवी आठी जुन्या रेघेहून खोल पडे, ती मोरोपंत बिनचूक ओळखीत.

मग महाराजांचे पत्र आले की संक्रांतीस घरी येतो. पत्र वाचून आऊसाहेब आरशापुढे बसल्या त्या उठेनात. तेव्हा नणंद गुणाबाई बोलिल्या, "वहिनी, दादा ओळखायचे नाहीत हो तुम्हाला. गेले तेव्हा कपाळ होतं, आता नांगरट झालीय." आणि त्यांनीच परमुलखीचा वैद्य आणविला. वैद्य नेमका मनुष्य. त्याने केसासारखी सुई दाखविली आणि सांगितले की, कातडे कापणे नाही, टाका नाही. वीस जागी टोचायचे. कपाळ आवळ म्हणून मज्जातंतू स्नायूस निरोप धाडतो, हे औषध तो निरोप वेशीवरच अडवते. तिसऱ्या दिवशी गुण दिसू लागेल, चौदाव्या दिवशी पुरा येईल, चार महिने टिकेल. टोचल्यावर दीड प्रहर आडवे होऊ नये. आणि मग विचारले, "कपाळ हलवायचं काही काम असतं का आपल्याला?"

"कपाळाला कसलं काम?" गुणाबाई हसल्या. "कुंकू लावायचं. सपाट असलं तर बरंच."

आणि आऊसाहेबही हसल्या, आणि भोवती उभ्या एकाही माणसास चालीची आठवण जाहली नाही. कारण चाल कचेरीतली आणि कपाळ माजघरातले, ही दोन एका ठिकाणी येतात ऐसे कोणी कधी बोलले नव्हते.

कपाळ ताटासारखे जाहले. संक्रांत आली आणि गेली, महाराज आले नाहीत. आणि माघात सरदार दर्याजीराव हिंगसे यांचा अर्ज आला. हे दोन बायका स्मशानी पोचविलेले गृहस्थ, दोघी कशाने गेल्या ते विचारण्याची कोणाची छाती नव्हती. त्यांनी आऊसाहेबांची एकुलती कन्या सगुणाबाई मागितली. हाच अर्ज मागल्या साली एका आठीत फिरला होता. मोरोपंतांनी वाचिला आणि पाहिले. आऊसाहेबांनी सारा जीव कपाळात आणिला, डोळे भरले, ओठ थरथरले, आणि कपाळ तैसेच राहिले.

"मोरोपंत, माझं ऐका. मला हे नको आहे."

"ऐकलं, आऊसाहेब," मोरोपंत खाली मान घालून म्हणाले. "पण दप्तरात कपाळ लिहायचं असतं. आज बोलणं लिहिलं तर उद्या कोणीही बोलेल." आणि त्यांनी मंजूर लिहिले, आणि दर्याजीराव मिशीआड हसले, आणि आठवड्यात लग्न लागले.

मग चैत्री औषध उतरले, कपाळाचा निरोप पुन्हा वेशीतून आत येऊ लागला, आणि त्याच सुमारास सगुणाबाईंचा अर्ज आला, की डावा कान मार बसून गेला, मला माहेरी न्यावे. नवऱ्याच्या घरून बाई आणावयाची तर गादीचा हुकूम लागे. आऊसाहेबांनी अर्ज घेऊन आरशापुढे वाचिला, आणि कानाच्या ओळीवर येताच दोन्ही भिवयांमध्ये आठी पडली. दहा वेळा वाचिला, दहा वेळा पडली. तेव्हा त्या समजल्या की दरबारी हेच होणार आणि मोरोपंत नामंजूर लिहिणार. मग त्यांनी स्वतः वैद्य बोलाविला.

"किती दिवसांत लागू होईल?"

"कपाळ जरासुद्धा हलून चालणार नसेल, तर चौदा दिवस धरा."

"दोन दिवसांत करा."

"औषधाला हुकूम समजत नाही, बाईसाहेब."

मग आऊसाहेबांनी टोचून घेतले, आणि अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी ठेवविला, आणि दिवस मोजीत बसल्या. पंधराव्या दिवशी अर्ज वाचिला गेला. मोरोपंतांनी तीन वेळा पाहिले आणि मंजूर लिहिले, आणि त्याच घटकेस पालखी धाडिली.

पालखी आली तेव्हा सगुणाबाईंचा उजवा कानही गेला होता. अर्ज तळाशी असताना नवव्या दिवशी तो गेला, ऐसे सोबतच्या दासीच्या सांगण्यावरून कळले. आऊसाहेब धावत गेल्या, लेकीस पोटाशी धरिले, आणि किती तरी बोलिल्या, की बाळे, मी नको म्हटलं होतं, मी तुझ्यासाठीच थांबले होते. लेकीस त्यातले काही ऐकू गेले नाही. ती आईच्या तोंडाकडे पाहात राहिली. तेथे एक रेघ नव्हती. मग तिने हलकेच आईचे हात सोडविले, आणि दासीस खुणेने विचारिले की माझी खोली कोणती.

येणेप्रमाणे कन्या घरी आली, दंडक मोडला नाही, आणि मोरोपंतांस नेमक्या नजरेबद्दल शेला मिळाला. श्रावणात औषध उतरले आणि आऊसाहेबांच्या कपाळी आठी परत आली. तोवर सगुणाबाईंनी आईच्या तोंडाकडे पाहणे सोडून दिले होते.