बाविसाव्याचे पोहे

"मग किती जण धरू तुमच्या पोहेवाल्यांचे?" नंदाने फोनवर विचारलं आणि धायरीतल्या फ्लॅटमध्ये रंगनाथच्या हातातली इस्त्री शर्टाच्या कॉलरवर तशीच थांबली.

नंदा वाशीमला माहेरी होती. ऑक्टोबरात बाळंतपणाला गेली, डिसेंबरात मुलगी झाली, आणि आता फेब्रुवारीत ती मुलीला घेऊन परत येणार होती. आल्यावर पहिल्याच रविवारी नवऱ्याच्या सायकलवाल्या मित्रांना जेवायला घालायचं, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

"चार महिने तुम्हाले सांभाळलं त्यांनी. आपल्याकडून एक गोळाभात तं झालाच पाहिजे."

"वीस-बावीस धर," रंगनाथ म्हणाला. इस्त्रीखालून जळका वास यायला लागला.

अडचण एवढीच होती, की रंगनाथला मित्र नव्हते.

तो हिंजवडीच्या एका कंपनीत टेस्टर होता. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्या नावानिशी सगळ्यांना कळवायच्या, हे त्याचं काम. अशा कामात माणसं फार जवळ येत नाहीत. संध्याकाळी कंपनीची बस त्याला फाट्यावर सोडी आणि तो रिकाम्या घरात येई. मुलीसाठी आणलेला पाळणा हॉलमध्ये टांगून तयार होता. सध्या त्यात सायकलचं हेल्मेट निजत असे.

सोबत मिळेल म्हणून तो सायकल क्लबात गेला. आणि नाव नोंदवलं ते नेमकं टाइम ट्रायलच्या हंगामात. या शर्यतीत घोळका नसतो. एकेकाला एकेक मिनिटाच्या अंतराने सोडतात, फाट्यावरून डोणज्याच्या बाजूला दहा किलोमीटर जायचं, रस्त्यात ठेवलेल्या नारिंगी कोनाला वळसा घालून परत यायचं, आणि भांडायचं ते फक्त घड्याळाशी. एवढ्या मोठ्या पुण्यात, सोबत शोधायला निघालेल्या माणसाने असा खेळ निवडावा, हे त्याच्या स्वभावाला धरूनच होतं.

खरा मेळा जमे तो शर्यत संपल्यावर, पोह्यांच्या गाडीपाशी. पण बावीस जणांत रंगनाथ बाविसावा. मंद गड्याने कोणाच्या आड येऊ नये म्हणून त्याला सगळ्यांच्या मागून, पाच मिनिटं थांबवून सोडत. तो घामाघूम होऊन पोचेपर्यंत गाडीवाला कढई घासत असे आणि रस्त्यावर उभे असत एकटे खांबेटेकाका, गळ्यात स्टॉपवॉच अडकवून. सदाशिव पेठेतले खांबेटेकाका प्रयोगशाळेतून निवृत्त झाले होते, पण मोजण्यातून नव्हते.

"काका, पोहे आहेत का?" पहिल्या रविवारी रंगनाथने विचारलं होतं.

"होते," काका म्हणाले, आणि वही मिटून स्कूटरला किक मारली.

त्या दुपारी नंदाने फोनवर विचारलं, "काही खाल्लं का?" बाळंतपणाच्या तोंडावर असलेल्या बाईला काळजी कशाला, म्हणून तो म्हणाला, "पोहे. सगळ्यांसोबत." पुढच्या रविवारी त्यात कोणीतरी सांगितलेला विनोद आला. तिसऱ्या रविवारी एका मित्राचा गुडघा दुखायला लागला, तो एकदा उजवा निघाला, एकदा डावा. नंदा नुसतं "हो का?" म्हणाली. सासूबाईंनी मात्र त्या गुडघ्यासाठी वाशीमहून तेलाची बाटली पाठवली.

आता हंगामातली शेवटची शर्यत उरली होती. या एका सकाळी पोह्यांपर्यंत वेळेत पोचायचं आणि निदान चार माणसं तरी ओळखीची करायची, नाहीतर बावीस पानं मांडून नंदासमोर उभं राहायचं. रंगनाथने रात्रीचा भात सोडला. एका मासिकात वाचलं, की सायकलवरच्या मीटरकडे बघितल्याने पाय जड होतात, नुसते श्वास मोजावेत. त्याने मीटरवर पट्टी चिकटवली.

रविवारी तो मान खाली घालून सुटला. श्वास मोजत राहिला, आकडा चुकला की पुन्हा एकपासून. नारिंगी कोन दिसला तसा वळला आणि माघारी फिरला. फाट्याजवळ आला तर समोर गर्दी. कढईतून वाफ निघत होती. माणसं हातात बशा घेऊन त्याच्याकडे बघत होती.

खांबेटेकाकांनी स्टॉपवॉच हलवून पाहिलं, कानाला लावलं.

"चव्वेचाळीस मिनिटं, बारा सेकंद. रामदास, तुमची पंचेचाळीस. तुम्ही आता बाविसावे."

रामदास धायरीचा, जमीनजुमला असलेला माणूस. त्याची परदेशी सायकल इतकी हलकी होती, की सगळा भार त्याच्या एकट्याचाच पडे. पण मनाने दिलदार. त्याने स्वतः गरम पोह्यांची बशी रंगनाथच्या हातात दिली, वर लिंबू पिळलं आणि बाकावर सरकून जागा केली. "बसा भाऊ. मागच्या वेळेपेक्षा अकरा मिनिटं कमी? काय खाऊन आला?" कोणीतरी नाव विचारलं. दुसऱ्याने राहायला कुठे विचारलं. चार महिन्यांत पहिल्यांदा रंगनाथ मधोमध बसला होता.

"ॲव्हरेज किती पडलं, बघा की," रामदास म्हणाला.

रंगनाथने पट्टी सोलली. मीटरवर सोळा किलोमीटर होते. वीस हवे होते.

पट्टी अजून बोटाला चिकटलेली होती. परत लावता आली असती. त्याने पोह्यांची बशी बाकावर ठेवली. सात वर्षं दुसऱ्यांच्या चुका कळवलेल्या माणसाला स्वतःची दडपता आली नाही.

"काका," तो उठून म्हणाला, "यात बग आहे."

काकांनी मीटर बघितला, चष्मा काढून पुन्हा बघितला. मग चर्चा सुरू झाली. एक जण म्हणाला मीटर बिघडलाय, दुसरा म्हणाला रस्ता रुंद केला तेव्हा आखूडही केला असेल. वळणावर कोनापाशी मोजणीला उभ्या असणाऱ्या गड्याने कबूल केलं, की एकवीस मोजून झाले की तो नाश्त्याला निघून येतो, दर वेळी. शेवटी काकांनी हुकूम दिला, "जागेवर जाऊन पाहणी."

सगळे निघाले. रंगनाथच्या डाव्या हाताला रामदास, उजव्या हाताला आणखी कोणी, पुढे काकांची स्कूटर. कोणाच्या तरी बाजूने सायकल चालवायची त्याची ही पहिलीच वेळ.

आठव्या किलोमीटरला कोन रस्त्याच्या कडेला उभा होता आणि त्याच्या मागे दह्याची मडकी मांडून तिथली दहीवाली बायडाबाई बसली होती.

"हा इथे कोणी आणला?" काकांनी विचारलं.

"म्याच. आमच्या वाडीचा बजरंगा दूध घालाया निगाला हुता, त्याच्या फटफटीवर टाकून आणलं टोपडं." तिने रंगनाथकडे बोट केलं. "दर ऐतवारी बगती. समदी येत्यात, जात्यात. मागनं ह्यो एकटाच, जीव टाकत. त्यो वळणावरचा बाबा बी ह्याची वाट बगत न्हाई. म्हनलं, वाट बगायला कुनी न्हाई तर एवढ्या लांब कशापायी जायाचं त्यानं?"

"बाई, हे नियमात बसत नाही."

"मग तुमी तरी बसा. दही देती."

खांबेटेकाकांनी दुसऱ्याचं ऐकलं. सदाशिव पेठेत हे फारसं घडत नाही. ते दगडावर टेकले, द्रोणभर दही खाल्लं आणि मग निकाल दिला, "बाविसाव्याची फेरी पुढच्या रविवारी पुन्हा. तो येईपर्यंत कोणी हलायचं नाही."

"आणि पोहे?" मागून कोणीतरी विचारलं.

"पोहे नकोत," रंगनाथ म्हणाला. "पुढच्या रविवारी जेवायलाच या. सगळे. माझी बायको वाशीमहून येतेय, आणि मुलगी."



"किती वाजता?" काकांनी वही उघडली.

"साडेबारा."

"साडेबारा म्हणजे साडेबारा? की वाशीमचे?"

दुपारी रंगनाथने फोन लावला. "नंदा, चोवीस धर. काका आहेत, आणि एक बायडाबाई. दही त्या आणतायत."

पलीकडे मुलगी कुरकुरल्याचं ऐकू आलं.

"म्हणजे," नंदा हळूच म्हणाली, "आता खरंच लोक येऊन राहिले?"

"म्हणजे काय?"

"काही नाही," ती म्हणाली. "मी तं दोघांचाच स्वयंपाक धरला होता."