ऋतिकच्या गालावरचा तीळ

फॉर्म भरण्यात दिग्रसमध्ये माझा हात धरणारा कोणी नाही! रेशन कार्ड, जातीचा दाखला, कापसाच्या नुकसानीचा अर्ज, काहीही आणा. एकही रकाना मी रिकामा सोडत नाही. रिकामा रकाना दिसला की साहेबाला संशय येतो, हे माझं तत्त्व.

याच तत्त्वापायी माझा भाचा परदेशात अडकला.

झालं असं. भाऊजी पुंडलिकराव मस्कतला क्रेनचे मेकॅनिक. ताई आणि पाच वर्षांचा ऋतिक सहा महिने त्यांच्याकडे राहिले. त्यांना परत आणायला मी गेलतो. कारण त्या साली कापसाचे असे हाल होते की सरकी काढायची जिनिंग गिरणी बंद, आणि जिनिंगचा कारकून, म्हणजे मी, एकदम मोकळा! इकडे आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन यवतमाळात शनिवारी ठरलेलं. तिची अट एकच : "डोळ्याले पट्टी बांधायच्या आधी नातू पाहीन. नाही तं ऑपरेशन नाही!" डॉक्टरांनी दोनदा तारीख बदलून दिली होती. तिसऱ्यांदा देणार नव्हते. आमचं तिकीट गुरुवारचं. आणि रविवारी ताईला दिसलं की ऋतिकचा पासपोर्ट कालच संपला!

"घाबरते कायले?" मी म्हणालो. "फॉर्म मी भरतो ना!"

"मागच्या खेपेलेही तूच भरलता," ताई म्हणाली. ती पहिल्यापासून संशयी.

सोमवारी सगळे वकिलातीत गेलो. तिथले साहेब पुण्याचे. त्यांनी जुने कागद काढले. फोटोत तीन महिन्यांचं टकलं बाळ. समोर जटाधारी, दात पडलेला ऋतिक. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर ढिगात हात घालून ओल शोधतो, तसं साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं.

"ओळखीची खूण : डाव्या गालावर मोठा काळा तीळ," त्यांनी वाचलं. "कुठे आहे?"

गाल घासलेल्या ताटासारखा स्वच्छ!

"होता," मी म्हणालो. "गेला."

"कुठे गेला?"

याचं उत्तर फॉर्मात नव्हतं.

"उद्या या. मूल तेच आहे याची खात्री पटल्याशिवाय मी सही करणार नाही."

बाहेर येताच ताईनं मला धरलं. "तीळ कुठचा रे, येड्या? आईनं लावलेली तीट होती ते! काजळाची!"

आता मला काय माहीत? फोटोत काळं दिसलं, रकाना रिकामा होता, भरला!

"मंग साहेबाले खरं सांगून टाकू," ताई म्हणाली.

"अन् सरकारी कागदावर खोटं लिहिलं म्हणून आत गेलो तं?" भाऊजी म्हणाले. "कोणी काही बोलायचं नाही!"

कोणी काही बोललं नाही. तिथंच घात झाला.

मंगळवारी ऋतिकच्या डोक्यावर कानटोपी होती. मस्कतच्या उन्हात! एसी बाधते म्हणून आईनं फोनवरून दिलेला हुकूम. पाणी पाजायच्या निमित्तानं मी त्याला कोपऱ्यात नेलं, टोपीची कड जराशी उचलली आणि बॉलपेननं सुबक तीळ काढला. काय देखणा तीळ! मनात म्हटलं, सुटलो.

"टोपी काढा," साहेब म्हणाले.

टोपी निघाली. गालावर तीन तीळ! एक काजळाचा, एक क्रेनच्या ग्रीसचा, एक निळा.

मी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी ताईकडे पाहिलं. ताईनं छताकडे पाहिलं.

"बाळ, हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"हा आईचा, हा बाबाचा, हा मामाचा," ऋतिकनं बोट लावून दाखवलं. "कोणाले सांगू नोको म्हणे."

साहेबांचा हात शिपायाच्या घंटीकडे गेला. मी ओरडलो, "साहेब, एकदा माझ्या आईशी बोला!"

फोन लागला. साहेबांनी स्पीकर लावला. "आजी, तुमच्या नातवाच्या गालावर तीळ आहे का?"

"तीळ नाही बा. तीट लावत होती मी. पुसली काहून तुमी?"

"मी नाही पुसली."

"मंग पोरगं कोऱ्या गालानं फिरून राह्यलं, अन् तुमी एवढे साहेब असून नुसते पाहून राह्यले?"

साहेबांनी घाम पुसला. एसीत! "आजी, दुसरी एखादी खूण सांगा. खरी."

"उजव्या पायाले सहा बोटं हायेत की! जन्माचे. दवाखान्याच्या कागदावर डॉक्टरनं लिहून देल्लं होतं. आमच्या पोट्ट्यानं नाही लिहिलं का?"

ऋतिकचा बूट निघाला. सहा! जुन्या कागदांत दवाखान्याचा कागद निघाला. त्यावरही सहा!

साहेबांनी जुना फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "हे का नाही लिहिलंत?"

"रकान्यात एकाच खुणेपुरती जागा होती, साहेब."

बुधवारी पासपोर्ट मिळाला. फॉर्म साहेबांनी स्वतः भरला, मला पेनाला हातसुद्धा लावू दिला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी दिग्रसला पोचलो. आई ओट्यावरच काजळाची डबी घेऊन बसलेली. ऋतिकला जवळ ओढून तिनं धुरकट डोळ्यांनी न्याहाळलं, तोंडावरून हात फिरवला, पायाची बोटं मोजली. "आपलाच हाये," ती म्हणाली. मग काजळात बोट बुडवलं. नेमका तेव्हाच मी पाया पडायला वाकलो.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. पट्टी सोडल्यावर आईला पहिल्यांदा काय दिसलं असेल? माझा गाल! आणि त्यावर, कितीही घासला तरी न निघालेला, मोठा काळा तीळ.

"हे कवा उगोलं रे?" तिनं विचारलं.