खुल्या ग्रुपचे सोपानतात्या

सोपानतात्या मोबाईलवरचं ‘मी सहमत आहे’ हे बटण वाचल्याशिवाय दाबत नाहीत. आणि तात्या वाचतात म्हणजे सगळं वाचतात. बोटाने भराभरा सरकवून तळ गाठायचा, ही तुमची-माझी रीत त्यांना पटत नाही. मागे त्यांना पावसाचा अंदाज सांगणारं एक ॲप घ्यायचं होतं. तात्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आले आणि त्याच्या अटी कागदावर काढून मागितल्या. अडतीस पानं निघाली. ती पिशवीत घालून घरी नेली, लाल पेनाने खुणा केल्या आणि चौथ्या दिवशी परत आले.

“भाऊ, ह्ये बघ. पान एकवीस. म्हनतंय, आमी अटी कवाबी बदलू, तुमाला सांगू न्हाईतर न्हाई सांगू. आरं, जावई तरी आसं बोलंल का?”

“मग नको ॲप?”

“नको. ढग आमच्या अंगणातनंबी दिसत्यात.”

त्याच आठवड्यात अवकाळी आला आणि तात्यांची वाळत घातलेली मिरची भिजली. त्यांनी ती पुन्हा वाळवली, पण बटण दाबलं नाही.

आमची वाडी राजुरीपासून जवळच. तात्या टेलिफोन खात्यात लाईनमन होते, उभं आयुष्य खांबावर गेलं. त्यामुळे दोन माणसांच्या मध्ये फक्त तार असावी, तिसरा माणूस नसावा, हे त्यांचं ठाम मत. बायको वारली, मुलगी बडोद्याला. घरात तात्या आणि एक रेडिओ.

त्यांचे प्रतिस्पर्धी म्हणजे अण्णा, निवृत्त पोस्टमास्तर. अण्णांचं म्हणणं बरोबर उलट. “पत्र कधी आपलं आपण उडत जात नाही. त्याला वाट लागते, शिक्का लागतो, आणि हरवलं तर कोणाला धरायचं ते ठरलेलं लागतं.” रोज संध्याकाळी दोघं माझ्या दुकानासमोरच्या बाकावर बसून या विषयावर भांडायचे. पूर्वी तार आणि टपालावरून चालायचं, मग इंटरनेट आलं आणि भांडणाला नवा दम आला.

गावचा मोबाईलवरचा ग्रुप अण्णांच्या ताब्यात होता. आमच्याकडे बिबट्या ही रोजची गोष्ट, त्यामुळे कुठे दिसला की ग्रुपवर टाकायचं अशी पद्धत. एक दिवस कोणीतरी बिबट्याचा व्हिडिओ टाकला, खाली लिहिलं, ‘आपल्या ओढ्याजवळ, आत्ताच’. गावात पळापळ झाली. टोमॅटोचा तोडा अर्धा टाकून बाया घरी आल्या, नारायणगावला जायची गाडी रिकामी उभी राहिली. दुपारी अण्णांनी तो व्हिडिओ चष्मा पुसून नीट पाहिला. बिबट्याच्या मागे नारळाची झाडं होती आणि दुकानाची पाटी कुठल्यातरी दक्षिणेकडच्या भाषेत होती.

अण्णांनी ग्रुपला कुलूप लावलं. आता फक्त अण्णाच संदेश टाकणार. ज्याला काही सांगायचं असेल त्याने अण्णांना पाठवावं, अण्णा खात्री करणार, शुद्धलेखन तपासणार आणि मग सकाळी अकराला व संध्याकाळी पाचला वाटप करणार. रविवारी सुट्टी.

तात्यांनी हा विषय ग्रामसभेत काढला.

“गावाचं तोंड, आन चावी येका माणसाच्या खिशात? ह्ये आपल्याला मान्य न्हाई. माणसं काय लहान हायेत का? खोटं काय, खरं काय, त्यांचं त्यांना कळंल.”

अण्णा उठले. “परवा कळलं का? त्या पळापळीत कोणी विहिरीत पडलं असतं तर जबाबदार कोण?”

“सगळं गाव.”

“सगळं गाव म्हणजे कोणीच नाही, तात्या.”

तात्या खाली बसले, लगेच परत उठले आणि म्हणाले, “तरीबी मान्य न्हाई.” सरपंचबाई म्हणाल्या, “तुम्ही दोघं बाहेर बाकावर भांडा, आम्ही पाण्याचा विषय घेतो.”

दुसऱ्याच दिवशी तात्यांनी स्वतःचा ग्रुप काढला. नाव ‘मोकळं रान’. कोणीही यावं, काहीही बोलावं. गाव लोटलं. पहिल्याच दिवशी गुलाबाच्या फुलांचे शंभरेक नमस्कार आले. एकाने बैल विकायला काढला. कोणी कारल्याच्या रसाने साखर मुळापासून जाते असं लिहिलं, आणि दोन सख्खे भाऊ बांधावरून एकमेकांना जे बोलले ते इथे छापता येणार नाही.

संदेश काढून टाकायचं बटण तात्यांकडे होतं. पण दुसऱ्याचा शब्द आपण कसा पुसायचा? मग तात्या मोपेडवरून त्याच्या घरी जायचे. “बाबा, तुजा कारल्याचा संदेस काढू का? तुजी परवानगी आसंल तर.” माणूस म्हणायचा, “बसा तात्या, च्या घ्या.” परवानगी मागता मागता दिवसाला नऊ-दहा चहा होऊ लागले. शेवटी मलाच विचारलं, “भाऊ, पित्तावर काय चांगलं? आन ग्रुपवर इचारू नको.”

मग एक प्रसंग घडला, रविवारी, दुपारी चारच्या सुमारास. छबूकाकू मळ्यात उसाला लागून एकटी राहते. तिला गोठ्यामागे बिबट्या दिसला. तिला लिहिता येत नाही, म्हणून तिने बोलून संदेश पाठवला, दोन्हीकडे. अण्णांचा फोन सुट्टीमुळे कपाटात होता. ‘मोकळ्या राना’त तिचा आवाज एका बारशाचे फोटो आणि बांधाचं भांडण यांच्यामध्ये दबून गेला. एकाही माणसाने तो उघडला नाही.

फक्त तात्यांनी उघडला. ते प्रत्येक संदेश शेवटपर्यंत ऐकतात, पण क्रमाने. तिची पाळी यायला पाऊण तास गेला.

तात्यांनी मोपेड काढली, हॉर्नवर अंगठा दाबून ठेवला आणि आळीतून ओरडत निघाले, “छबूच्या मळ्यात वाघरू!” आवाजाने अण्णा बनियनवर बाहेर आले. तात्या म्हणाले, “बसा मागं.” अण्णा बसले, हातात घरातलं ताट आणि उलथणं. मागोमाग आम्ही दहा-बारा जण. ताट वाजवत मळ्यात पोहोचलो तर बिबट्या निघून गेला होता. गोठ्यामागे चिखलात पंजा उमटलेला. काकू दोन शेळ्या आत घेऊन, दाराला बाज लावून बसली होती. दार उघडून तिने आधी त्या दोघांना पाहिलं.

“दोन-दोन ग्रुप काढलं, मुडद्यांनो, आन यायला माणूस येकबी न्हाई!”

दोघांनी माना खाली घातल्या. एका सुरात गप्प बसलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहिले. नंतर वनखात्याची माणसं आली, पिंजरा लावला.

सोमवारी दोन ग्रुपांचा एक ग्रुप झाला. बिबट्याबद्दल कोणीही, केव्हाही बोलावं, मात्र स्वतः पाहिलेलं आणि ठिकाण सांगून. बाकीचं अण्णा पाहून सोडतील. काही पुसायचं तर दोघांनी मिळून. कागद मीच टाईप केला. अण्णांनी दोन वेलांट्या सुधारल्या, मग सही केली.

पुढे दिवाळीनंतर अण्णांची नजर अंधुक होत गेली. साखरेचा त्रास जुना. मुलाने पुण्याला नेऊन डोळ्याचं ऑपरेशन करवलं. इकडे बाकावर तात्या एकटे. त्यांनी माझ्याशी भांडून पाहिलं. “तू लगीच हो म्हनतो राव. मजा न्हाई.” आठव्या दिवशी म्हणाले, “चल, अण्णाला बघून येऊ.”

आम्ही सकाळच्या एसटीने पुण्याला त्यांच्या मुलाच्या घरी गेलो. दारातच अण्णांच्या मुलाने हळू आवाजात सांगितलं, “उजवा डोळा परत येणार नाही. बाबांना अजून बोललो नाही. तुम्हीही बोलू नका.”

अण्णा पट्टी बांधून कॉटवर पडले होते. तात्या शेजारी बसले. बराच वेळ गुडघे चोळले. मग म्हणाले, “अण्णा, त्या कुलपाचं तुमचं बरोबर व्हतं. मीच उगाच ताणलं.”

अण्णांनी मान आवाजाकडे वळवली.

“आन शिक्क्याचंबी. कोनतरी जबाबदार लागतंच.”

अण्णांनी हात चाचपडत तात्यांचं मनगट धरलं. “तात्या, डॉक्टर काय म्हणाले?”

“कुटं काय?”

“तीस वर्षांत तुम्ही माझी एक गोष्ट कबूल केली नाहीत. आज दोन केल्यात. माझा डोळा गेला का?”

तात्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा नाही नाही म्हणून मान हलवत होता. तात्या एकदम आवाज चढवून म्हणाले, “रविवारी टपाल बंद ठेवनाऱ्याचं कसलं बरोबर? पुरतं ऐकून तरी घ्या माणसाचं!” अण्णा उठून बसले. मग तासभर भांडण झालं. अण्णांचा चेहरा खुलला, सुनेने दोनदा चहा केला. निघताना अण्णा म्हणाले, “पुढच्या वेळी मुद्दे लिहून आणा.”

परतीच्या एसटीत तात्या खिडकीशी बसले. चाकणला गाडी कोंडीत अडकली. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, “भाऊ, जलमभर बातमी दाबनाऱ्यांशी भांडलो. आज मी सोता दाबली. त्यानं सरळ इचारलं व्हतं मला.”

“मुलानेच सांगितलं होतं, तात्या. त्यांच्या भल्यासाठी.”

“समदी भल्यासाठीच दाबत्यात.” ते उठले, पिशवी घेतली. “डोळा अण्णाचा. त्याला म्हाईत नको?”

“अहो, आता परत जाऊन काय सांगणार?”

“आधी पोराला सांगीन, मी बोलतो म्हनून. मग अण्णाजवळ बसंन. रडला तर रडू देईन. चार दिस ऱ्हाईन तिकडंच, इकडं कोन वाट बघतंय माजी?”

कंडक्टर नको नको म्हणत असताना ते खाली उतरले. आमची गाडी हलली तेव्हा तात्या रस्ता ओलांडून पलीकडे उभे होते, पिशवी काखेत धरून, पुण्याकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत.