अर्ध्या घराचा मालक

घाम गाळून घरांच्या धंद्यात मोठं होता येतं, हे मी गंगाखेडला सिद्ध करून दाखवणार होतो! मोबाईलवर एक कोटवाला रोज ओरडून सांगायचा, "घर दुसऱ्याचं, मेहनत तुमची, नफा निम्मा-निम्मा!" त्या लबाडाच्या बोटाला जन्मात सिमेंट लागलं नसणार. पण हे कळायला मला पाच महिने लागले.

आमच्या गल्लीतले माणिकराव कापड दुकानदार. त्यांच्या एका पडीक घरात शेळ्यासुद्धा नाक मुरडून शिरायच्या. ठरलं! घर त्यांचं, सामान त्यांचं, अंगमेहनत माझी. विकलं की निम्मा नफा माझा.

"कागद करून घ्या," बायको म्हणाली. शुभदाचं डोकं असंच संशयी.

"मर्दाची जबान हाच कागद!" मी.

"मग ती जबान कुलपात ठिवा."

पदरच्या पैशानं एक थापी घेतली आणि राबलो. मोबाईल बघून न्हाणीची फरशी बसवली. पहिलीच बादली ओतली तर पाणी मोरी सोडून देवघरात! उखडली, परत बसवली. गिलावा केला तर भिंतीला एवढं पोट सुटलं, की शेजारचे सिताराम विचारून गेले, "कितवा महिना हाय?" तीही फोडली. शेवटी हात बसला. रंग दिल्यावर घर दाढी केलेल्या नवरदेवासारखं दिसायला लागलं.

आता गिऱ्हाईक पाहिजे. इथं माझं डोकं चाललं. "माणिकराव, वास्तुशांत करा! गाव जेवायला येईल, घर बघंल, भाव चढंल!"

"लय भारी डोस्कं हाय तुमचं!" माणिकराव म्हणाले.

दोनशे माणसं आली. मी दारात उभा राहून एकेकाला सांगत होतो, "ही फरशी मी बसवली! हा गिलावा माझा!" लोक माना डोलवत होते. मला सगळे गिऱ्हाईकच दिसायला लागले.

पूजा आटोपल्यावर माणिकरावांनी मला पाटावर बसवलं. कपाळाला कुंकू, खांद्यावर टॉवेल, डोक्यावर टोपी, हातात नारळ. भागीदाराचा एवढा मान! माझे डोळे भरून आले. वाकून नमस्कार केला. फोटोसाठी हसलोसुद्धा.

वास्तुशांतीला टॉवेल-टोपी कुणाला देतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मिस्त्रीला! आहेर घेतला की काम संपलं, देणंघेणं मिटलं, रामराम. मी तेवढं विसरलो, कारण मी त्या दिवशी गुंतवणूकदार होतो.

पंगत उठल्यावर विचारलं, "मग विकायचं कधी?"

"इकायचं?" माणिकरावांच्या सुलाबाई कडाडल्या. "सकाळी चुलीवर दूध उतू घातलंय मी! असलं घर कुणी इकतंय व्हय? आमीच राहायलाव इथं."

"आन् माझा निम्मा हिस्सा?"

माणिकराव माझ्या टोपीकडं बघत शांतपणे म्हणाले, "दोनशे माणसांदेखत आहेर घेतलाव. वर नमस्कार केलाव. आता आणखी काय ऱ्हायलं?"

मी त्यांना चोर म्हणालो, लुच्चा म्हणालो, सगळी गल्ली गोळा केली. एकजण तरी साक्ष देईल? उलट एक म्हातारा मलाच म्हणाला, "मिस्त्री, तुमीच तर दारात उभं राहून सांगायलता, फरशी मी बसवली म्हणून!"

टोपी मुठीत चुरगाळून घरी आलो, तर ओट्यावर सिताराम बसलेले.

"आमची न्हाणी गळायलीय. बघताव का?"

"मी मिस्त्री न्हाई!" मी गरजलो. "गुंतवणूकदार हाय!"

"बरं," सिताराम म्हणाले, "मग गुंतवणूकदार, थापी तुमची आणताव का आमची देऊ?"

"माझी आणतो," मी म्हणालो.

एवढ्या धंद्यात तेवढीच एक मालमत्ता माझ्या मालकीची झाली आहे.