कणगीत लपवलेले खून

लातूर जिल्हा नवा झाला आणि गावच्या वाचनालयाला मान्यता द्यायची की कुलूप लावायचं, हे ठरवायला तिथल्या साहेबांनी यायचं ठरलं. चिटणीस गुरुपादप्पानं पारावर सांगून टाकलं, "मान्यता आणतोच. नाही आणली तर बापाचं नाव लावणार न्हाई."

गुरुपादप्पाची सगळी जवानी खुनाच्या कादंबऱ्यांत गेलेली. चाळिशीचा चष्मा लागला आणि गड्याची आवडच पालटली. आता नुसतं तत्त्वज्ञान! जाडजूड ग्रंथांनी त्यानं अख्खं कपाट भरलं. गावानं मात्र तिकडं ढुंकून पाहिलं नाही, गाव अजून खुनातच रमलेलं. साहेबांना हे कळलं तर काय इज्जत राहील? त्यानं घरोघर फिरून कादंबऱ्या परत आणल्या, पोत्यांत कोंबल्या आणि भर दुपारी घरच्या कणगीत ओतल्या. पावसानं दगा दिल्यापासून कणगी रिकामीच होती.

पोत्यात काय हाय, असं बायकोनं, गुरम्मानं, विचारलं. "तुला काय करायचंय?" म्हणून त्यानं तिला गप्प केलं. झालं! शेजारच्या साखराबाईनं हे ऐकलं. असल्या दुष्काळात पोती येतात, कणगीत जातात आणि मालक बोलत नाही, म्हणजे ज्वारीच की!

दुसऱ्या दिवशी साहेब आले. गुरुपादप्पा ग्रंथांची थोरवी सांगत होता आणि साहेब विचारत होते, वाचक कुठं आहेत? तेवढ्यात समोरच त्याच्या घरातून गलका उठला. दोघं धावले. आत तीसेक बाया टोपल्या घेऊन उभ्या आणि पुढं साखराबाई.

"आप्पा, एकटेच खाता व्हय? पायलीभर द्या."

ती ज्वारी नव्हे, असं तो परोपरीनं सांगू लागला. मग दाखवा, बाया म्हणाल्या. साहेबांसमोर कसं दाखवणार? तो कणगीला पाठ लावून उभा राहिला. बायांनी त्याच्यासकट कणगी आडवी केली आणि दीडशे खून साहेबांच्या पायाशी घरंगळले.

भाकरीच्या आशेनं आलेल्या त्या बायांकडं बघून गुरुपादप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साखराबाईनं वाकून एक पुस्तक उचललं. सडकेच्या कामावर दुपारच्या सुट्टीत तिची सून तेच सगळ्यांना वाचून दाखवायची. अर्ध्यावर असतानाच ह्यानं ते काढून नेलं होतं.

"पोटाला न्हाई तर न्हाई," ती म्हणाली, "खुनी कोण ते तरी कळू द्या."

बघता बघता टोपल्या भरल्या. एवढे वाचक बघून साहेब खूश झाले. मान्यता जागेवर मिळाली! खाली शेरा मात्र पडला: कपाटातले ग्रंथ कोणी वाचत नाही, ते जिल्ह्याला जमा करावेत.

गुरुपादप्पा कळवळला. "साहेब, मी वाचतो की. रोज वाचतो."

साहेबांनी कपाटातला सगळ्यात वरचा ग्रंथ घेतला आणि उघडला. आठव्या पानापुढची पानं छापखान्यातून आली तशी, कडा न कापलेली, एकमेकांना जोडलेलीच होती.