डब्यावर बहिष्कार

सामना ऐन रंगात आला होता. आपला गडी चेंडू घेऊन गोलाच्या तोंडाशी पोचला, त्याने पाय मागे नेला, आणि टीव्हीवर मुंग्या आल्या.

तात्यांनी नेहमीचा उपाय केला. संचाच्या डाव्या कुशीत एक चापट मारली. मुंग्या जागच्या हलल्या नाहीत. मग उजव्या कुशीत मारली. मागची वायर उपटली, तिच्या तोंडात फुंकर घातली आणि पुन्हा खोचली. तिकडे गोल झाला असेल की नसेल, या विचाराने त्यांचा जीव वरखाली होत होता.

"अहो, मोडाल तो टीव्ही," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "गच्चीवर जाऊन अँटेना बघा."

तात्या अनवाणीच गच्चीवर धावले, तर अर्धी इमारत तिथे आधीच हजर. जो तो आपापली अँटेना गदागदा हलवत होता. तळमजल्यावरचा चष्मेवाला तर घाईघाईत दुसऱ्याचीच हलवत होता.

"तुमच्याकडे पण मुंग्या?" तात्यांनी विचारलं.

"सगळ्यांकडेच," चष्मेवाला म्हणाला. "मला वाटतं, तेच झालं तात्या. जुनं प्रक्षेपण बंद केलं. आता सगळं डिजिटल. डबा विकत आणून टीव्हीला जोडायचा, तरच चित्र दिसणार."

"बंद केलं? कुणाला विचारून?"

"वर्षभर सांगत होते की! पडद्याच्या खाली पट्टी फिरायची."

 ती पट्टी तात्यांच्या घरी दिसायचीच नाही. सरकती अक्षरं बघून त्यांना गरगरायचं, म्हणून त्यांनी पडद्याच्या तळाला पुठ्ठ्याचा एक तुकडा चिकटवून टाकला होता. आता यात तात्यांचं काय चुकलं? ज्याला काही महत्त्वाचं सांगायचं असतं तो माणूस समोर येऊन सांगतो, पायाशी सरपटत नाही.

तात्यांची सगळी नोकरी बसमध्ये तिकीट तपासनीस म्हणून झाली होती. विनातिकीट माणूस ते बसमध्ये चढतानाच ओळखायचे, असं त्यांचे जुने सहकारी सांगत. पुढाऱ्याचा मेहुणा असो की स्वतःचा मेहुणा, त्यांनी कुणाला सोडलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर पकडायला कुणी उरलं नाही आणि राग तर रोज ताजा तयार व्हायचा. तो इतके दिवस दुधात पाणी घालणाऱ्यावर आणि जिन्यात सायकल लावणाऱ्यावर खर्च होत होता. आता त्याला मोठं गिऱ्हाईक मिळालं.

"टीव्ही माझा, अँटेना माझी, वीज माझी," ते गच्चीवरच गरजले, "आणि चित्र मात्र यांच्या मर्जीचं? पैसे मोजून चालता टीव्ही घेतला होता मी. तो मेला नाही, यांनी मारलाय!"

लोकांनी माना डोलावल्या. खरंच होतं ते. घटकेपूर्वी धडधाकट असलेली वस्तू कुणीतरी दूर कचेरीत बसून निकालात काढावी, आणि वर आपल्यालाच सांगावं की तुमची प्रगती झाली, हा कुठला न्याय?

तात्यांनी खाली येऊन मदत केंद्राला फोन लावला. एका गोड आवाजाच्या बाईने त्यांचं स्वागत केलं, आपण रांगेत आहात असं सांगितलं आणि बासरी ऐकवली. बासरी संपली तशी पुन्हा स्वागत केलं. शेवटी ती म्हणाली, "नवीन प्रक्षेपण कसे पाहावे, याच्या माहितीसाठी कृपया आमचा पहिल्या वाहिनीवरील विशेष कार्यक्रम पाहा."

"अगं, तोच दिसत नाही म्हणून तर तुला फोन केला!" तात्या ओरडले. बाईने त्यांचे आभार मानले.

त्या संध्याकाळी तात्या आणि काकू नेहमीच्या जागी बसले. तात्या खुर्चीत, काकू पलंगाच्या कडेला, समोर काळा पडदा. काकूंची मालिका सुरू व्हायची वेळ झाली. त्यातल्या सुनेला सासऱ्याने घराबाहेर काढलं होतं आणि ती पावसात उभी होती. ती अजून तशीच भिजत असणार, या कल्पनेने काकूंना घास गोड लागेना.

"बोला की काहीतरी," काकू म्हणाल्या.

"काय बोलू?"

काकूंनी विचार केला. त्यांनाही काही सुचलं नाही. मग दोघं पंख्याचा आवाज ऐकत बसले.

"एक डबाच आणायचाय ना," थोड्या वेळाने काकू म्हणाल्या. "आणून टाकू."

"या घरात तो डबा आला तर मी बाहेर!" तात्या कडाडले. "आज डबा म्हणतात, उद्या म्हणतील डोळे बदला. कुठेतरी नाही म्हणायलाच हवं."

दुसऱ्या दिवशी जिन्यात सभा भरली. तात्या वरच्या पायरीवर उभे राहिले आणि बाकीचे उतरत्या क्रमाने बसले. एकानेही डबा विकत घ्यायचा नाही, सगळ्यांनी मिळून कोपऱ्यावरच्या टीव्हीच्या दुकानासमोर निदर्शनं करायची, असं ठरलं. हात वर करून शपथा झाल्या. काकूंनी आणि दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनीही हात वर केले. काकूंचा हात जरा अर्धवटच वर गेला होता, पण पुढाऱ्याने शेवटच्या पायरीपर्यंत बघायचं म्हटलं तर भाषण कधी करायचं?

दुकानदार बिचारा पापभीरू. "अहो तात्या, मी थोडंच बंद केलंय? मी फक्त विकतो," तो दारातून विनवत होता.

"चाकू विकणारा हेच म्हणतो!" चष्मेवाला ओरडला, आणि त्याचं वाक्य सगळ्यांना फार आवडलं.

दुकानाचं दार चिंचोळं, समोर फुटपाथ अरुंद, आणि सगळी इमारत त्या एवढ्याशा जागेत कोंबलेली. रस्त्याने जाणारे काय चाललंय ते बघायला थांबले, त्यांना बघून आणखी थांबले. काही जणांना वाटलं की डबे फुकट वाटतायत, त्यांनी मागून रेटायला सुरुवात केली. तात्या दुकानाकडे पाठ करून दारातच पाय रोवून उभे होते. तेवढ्यात एक गाडी थांबली आणि तिच्यातून हातात माइक घेतलेली एक मुलगी उतरली. नव्या प्रक्षेपणाबद्दल लोकांना काय वाटतं, ते विचारत ती गावभर फिरत होती.

"काका, तुम्ही बोलता?"

काका बोलले. असे बोलले की मागच्या लोकांनी रेटणं थांबवलं. मुलीने मध्ये दोनदा प्रश्न विचारायचा प्रयत्न केला, पण तिकीट तपासताना तात्यांनी कधी कुणाला मध्ये बोलू दिलं नव्हतं, ते आता कुठून देणार? शेवटी तिचाच हात दुखून आला.

"छान बोललात काका. उद्या संध्याकाळच्या बातम्यांत दाखवू."

तात्या तरंगतच घरी आले. जन्मात पहिल्यांदा ते टीव्हीवर येणार होते. त्यांनी बहिणीला फोन केला, व्याह्यांना केला, ज्यांच्याशी बोलणं बंद होतं त्या मेहुण्यालाही केला. जेवताना चौथा घास हातात असताना ते एकाएकी थांबले.

"अगं, पण आपण बघायचं कुठे?"

काकू आमटीत बघत राहिल्या.

तात्यांनी त्या मुलीने दिलेल्या नंबरावर फोन लावला. "हे बघा, माझं भाषण तेवढं जुन्या प्रक्षेपणावर दाखवा."

"काका, ते बंद झालंय."

"म्हणजे माझा निषेध बघायला मीच त्यांचा डबा घ्यायचा?"

"हो काका," मुलगी प्रामाणिकपणे म्हणाली.

याला काय म्हणावं?  जुलूम करणाऱ्याकडूनच जुलमाविरुद्धची आरोळी विकत घ्यायची वेळ आली होती. पण भाषण बघायचं तर होतंच. रात्रभर कूस बदलून झाली.

सकाळी काकूंनीच तोड काढली. "शिंपीणबाईंकडे आहे म्हणे डबा. त्यांच्या भावाने पाठवलाय."

"विकत घेतला?"

"भेट हो. भेट आलेली वस्तू काय फेकून देणार?"

तात्यांनी शिंपीणबाईंना जिन्यात गाठून विचारपूस केली. भाऊ कुठे असतो? लांब असतो. त्याला बहिष्काराची कल्पना होती? नव्हती बाई. तात्यांनी निर्णय दिला की भेट म्हणजे खरेदी नव्हे, आणि बघणं म्हणजे घेणं नव्हे. चष्मेवाल्याने लगेच अनुमोदन दिलं. ते त्याने जरा जास्तच लगेच दिलं, पण तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी शिंपीणबाईंच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. शिलाईचं यंत्र भिंतीला लावलं होतं, तात्यांना मधली खुर्ची दिली होती. बातम्या लागल्या आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम "अहाहा!" निघालं. काय ते चित्र! बातम्या देणाऱ्या बाईच्या कानातल्या डुलाचा खडासुद्धा मोजून घ्यावा.

"मला तर डोळ्यांना त्रास होतोय," तात्या करारीपणाने म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढली.

आणि तात्या दिसले. स्पष्ट, ठसठशीत, मिशीच्या केसा-केसासकट. खोलीत टाळ्या पडल्या. पडद्यावरचे तात्या कडाडत होते, "आम्ही शपथ घेतलीय! आमच्यापैकी एकही माणूस या डब्याला हात लावणार नाही!"

टाळ्या हळूहळू विरल्या. कारण पडद्यावरच्या तात्यांच्या डाव्या काखेत एक खोकं होतं. निळं, नवंकोरं, आणि त्यावर डब्याचं भलंमोठं रंगीत चित्र. तात्यांनी ते लेकरासारखं पोटाशी धरलं होतं. "हात लावणार नाही" म्हणताना त्यांनी त्यावर एक थापही मारली.

खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. शिंपिणीचंच घर, टाचण्या भरपूर होत्या.

तात्यांना आठवलं. ऐन भाषणात मागून कुणीतरी "जरा धरा हो" म्हणालं होतं. गर्दीच्या बसमध्ये लोक हातात पिशवी देतात, छत्री देतात, एखादीने तान्हं मूलसुद्धा दिलेलं असतं. बसमध्ये जन्म काढलेला माणूस वर बघत नाही. धरायचं, आणि मागितलं की परत द्यायचं. एवढी वर्षं तेच केलं होतं, तेच त्यांनी आता केलं होतं.

तेवढ्यात पडद्यावर मागून एक हात आला. त्याने खोकं सोडवून घेतलं. हातामागून काकू दारातून तिरक्या होत बाहेर पडल्या, त्यांच्या मागून शिंपीणबाई. काकूंनी जाता जाता कॅमेऱ्याकडे बघितलं आणि हसल्यासुद्धा. मुंग्यांच्या काळात हे कुणाच्या बापाला दिसलं नसतं!

तात्या उठून उभे राहिले. "ज्यांनी ज्यांनी डबा घेतलाय, त्यांनी उभं राहा!" आवाज अगदी जुना, बसमधला होता.

कुणी उभं राहिलं नाही. चष्मेवाला म्हणाला, "माझ्या घरात नाहीये. नुसते पैसे भरलेत, डबा अजून दुकानातच आहे," आणि स्वतःचाच चष्मा पुसायला लागला.

"आणि तू?" तात्या काकूंकडे वळले.  "तू माझ्या पाठीमागून?"

"पाठीमागूनच हो. समोरून गेले असते तर जाऊ दिलं असतंत?" काकूंचा आवाज चढला. तसा तो कधी चढत नसे, म्हणून सगळे दचकले. "तुम्हाला भांडायला अख्खा गाव आहे. माझं काय? टीव्ही बंद पडला तेव्हा कळलं मला, इतकी वर्षं आपल्या घरात बोलत होता तो एकटाच! मला संध्याकाळी कुणीतरी बोलणारं लागतं. तुम्ही तर कधी काही बोलत नाही, म्हणून शिंपीणबाईंना गळ घातली आणि अर्धा-अर्धा डबा घेतला."

तात्या तडक जिना चढून घरी गेले.

काकू मालिका संपवूनच वर आल्या. तात्या अंधारात काळ्या पडद्यासमोर बसले होते. काकूंनी दिवा लावला, त्या पाणी प्यायल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. पंखा फिरत राहिला.

"ती सून," तात्या खाकरून म्हणाले, "गेली का घरात?"

"कुठली जातेय! सासरा दाराला कडी लावून आत जेवत होता."

"जेवत होता?" तात्या ताठ बसले. "आणि नवरा?"

"तो वाढत होता."

"अरे, ही काय माणसं आहेत का कोण! आणि ती गप्प उभी राहिली? तिने शेजारपाजारच्यांना गोळा करायला नको? चार माणसं दारात उभी केली असती तर कडी आपोआप निघाली असती!" तात्या येरझाऱ्या घालायला लागले. सासऱ्याच्या घरात आणखी कोण राहतं, सुनेचे आईबाप कुठे गेले, शेजारी काय झोपा काढत होते का, असं ते एकेक विचारत गेले आणि काकू हातवारे करकरून सांगत गेल्या. जेवण दोनदा गरम करावं लागलं.

"एवढा जीव तुटतोय तर उद्यापासून डबा वर आणू का?" काकूंनी विचारलं. "शिंपीणबाईंशी पाळी लावून घेऊ."

"मुळीच नाही," तात्या म्हणाले. "शपथ म्हणजे शपथ. तू खाली जाऊन बघून ये आणि मला सांग. पण सगळं सांगायचं, मधलं काही गाळायचं नाही."